फलकावरचा काटा आणि ॲपमधला त्रिकोण: वणव्याचे दोन वेगळे इशारे

मेलबर्न-सिडनीकडची बरीच मराठी मंडळी नाताळच्या सुट्टीत समुद्राकाठी घर भाड्याने घेतात. समोर पाणी, पाठीमागे निलगिरीचं रान आणि पुष्कळदा बाहेर पडायला एकच रस्ता. अशा गावात शिरताना कडेला अर्धगोल फलक दिसतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, गडद लाल, वर एक काटा. फोनवरच्या वणव्याच्या ॲपमध्येही पिवळे, नारिंगी, लाल त्रिकोण असतात. रंग जवळपास तेच, त्यामुळे दोन्ही एकच समजले जातात.

फलकावर असतं ते 'फायर डेंजर रेटिंग'. आग कुठेही लागलेली नसली तरी ते असतं. आज इथे वणवा पेटलाच तर किती भडकेल, याचा तो अंदाज: ऊन, वारा, हवेतला कोरडेपणा आणि रानातला पालापाचोळा किती वाळलाय यावरून काढलेला. 1 सप्टेंबर 2022 पासून देशभर चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटास्ट्रॉफिक. पुढच्या काही दिवसांचा अंदाज आधीच मिळतो, आणि खरी किंमत त्या आगाऊ मिळालेल्या वेळेचीच आहे.

त्रिकोण म्हणजे 'वॉर्निंग'. ती प्रत्यक्ष जळत असलेल्या आगीची. पिवळा 'ॲडव्हाइस', नारिंगी 'वॉच अँड ॲक्ट', लाल 'इमर्जन्सी वॉर्निंग'. त्या क्रमानेच येतील असं नाही. पहिलाच संदेश लाल असू शकतो, आणि त्यात 'निघायची वेळ गेली, आहात तिथेच आसरा घ्या' असंही लिहिलेलं असू शकतं. वीज किंवा मोबाइलचा टॉवर गेला तर तोही पोचणार नाही.

आपल्या लोकांची इथे जास्त गल्लत होते. आपल्या हवामान खात्याचा रेड अलर्ट हा अंदाज असतो; तो ऐकून आपण आधी शाळेला सुट्टी आहे का ते बघतो. ती सवय घेऊन लाल त्रिकोणाकडे पाहिलं तर घात होईल. रेड अलर्टशी मेळ बसतो तो फलकावरच्या काट्याचा.

व्हिक्टोरिया राज्यातल्या मॅलाकूटा या किनाऱ्यावरच्या गावाचं उदाहरण घ्या. 29 डिसेंबर 2019 रोजी पर्यटकांना पूर्व गिप्सलँड, म्हणजे मॅलाकूटा असलेला भाग, सोडून जायला जाहीरपणे सांगितलं गेलं. लगेच निघाले ते सुटले. मॅलाकूटाहून बाहेर पडायला डांबरी रस्ता एकच, तो बंद झाला. 31 तारखेला भर सकाळी आकाश काळंठिक्कर पडलं आणि सुमारे 4,000 माणसं पाण्याच्या काठाला येऊन थांबली. गावातली शंभराहून जास्त घरं जळाली. 3 जानेवारीला नौदलाच्या 'चूल्स' जहाजातून सुमारे हजार लोकांना बाहेर काढावं लागलं.

म्हणून घरची तयारी रेटिंगला बांधावी, वॉर्निंगला नाही. घरं बहुतेक वेळा वाऱ्याबरोबर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, आणि त्या आगीच्या कितीतरी पुढे पडतात. काटा 'हाय'वर असतानाच पन्हळीतला पाला काढा, दाराबाहेरचं काथ्याचं पायपुसणं आणि भिंतीला रचलेली लाकडं हलवा. 'एक्स्ट्रीम'चा अंदाज आला की गाडीत पेट्रोल भरून तिचं तोंड रस्त्याकडे करून ठेवा. गॅरेजचं विजेवर चालणारं दार हाताने कसं उघडतं, हे एकदा करून बघा. हे कुणी करत नाही आणि वीज गेली की गाडी आत अडकते. टाकीच्या पाण्याचा पंपही विजेवरच असेल तर नळाच्या भरवशावर राहू नका. 'कॅटास्ट्रॉफिक' असेल तर आदल्या रात्री किंवा अगदी पहाटे शहराकडे निघा, सुट्टीचे पैसे गेले तरी चालतील. चांगली बांधलेली घरंही त्या दिवशी टिकतील असं अग्निशमन दल धरून चालत नाही.

वॉर्निंगचा उपयोग मग कशाला? बेत चुकला तर, आणि वाटेत कोणता रस्ता टाळायचा हे कळायला. ॲपबरोबर एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेचा स्थानिक रेडिओ चालू ठेवा, बॅटरीवरचा.

जाता जाता: 'टोटल फायर बॅन', म्हणजे उघड्यावर आग पेटवण्यावरची पूर्ण बंदी, ही तिसरीच गोष्ट. तो कायदा आहे आणि व्हिक्टोरियात वेगळा जाहीर होतो. त्या दिवशी अंगणात कोळशाची शेगडी पेटवली तर गुन्हा, मग काटा कुठेही असो.