वनस्पती तेल आणि बायोडिझेल

डिझेल इंजिनात खनिज डिझेलऐवजी किंवा त्यात मिसळून वापरली जाणारी दोन इंधने. घाण्यातून काढून गाळलेले तेल जसेच्या तसे टाकीत ओतले, तर ते वनस्पती तेल इंधन. त्याच तेलाची मिथेनॉल या अल्कोहोलशी अभिक्रिया घडवून, त्यातले ग्लिसरीन बाजूला काढून जो पातळ द्रव मिळतो, ते बायोडिझेल (जैवडिझेल). बोलताना दोन्हींची सर्रास सरमिसळ होते आणि इंजिन बिघडल्याच्या निम्म्या कहाण्या तिथूनच सुरू होतात.

रूडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाणा तेलासाठीच बनवले होते, असे अनेक ठिकाणी छापून येते. ते खरे नाही. त्यांनी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन नीट चालू लागले, ते खनिज तेलावर. शेंगदाणा तेलाची गोष्ट १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातली आहे. तिथे ऑटो कंपनीने मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून शेंगदाणा तेलावर चालवले गेले. फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींत भुईमूग मुबलक होता आणि तिथली यंत्रे स्थानिक तेलावर चालली तर कोळसा-खनिज तेल लांबून न्यायला नको, असा साधा हिशेब त्यामागे होता. इंधन बदलल्याचे पाहणाऱ्या फारच थोड्यांच्या लक्षात आले. डिझेल यांना या कल्पनेत रस वाटू लागला तो त्यानंतर, आणि १९१२ च्या सुमारास त्यांनी वनस्पती तेलाच्या भवितव्याविषयी जाहीरपणे मांडणीही केली. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडला जाताना जहाजावरून नाहीसे झाले. खनिज तेल स्वस्त होत गेले आणि इंजिने त्याच्याच मापाने बनत गेली.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापल्या हवेत इंधनाचा फवारा पडताच ते आपोआप पेट घेते. म्हणून पेटू शकणारे जवळपास कोणतेही तेल तिथे चालते. अट एकच, फवारा बारीक हवा. घोडे अडते ते इथे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची श्यानता, म्हणजे दाटपणा, २ ते ४.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असतो. शेंगदाणा, सूर्यफूल, करंज यांच्या तेलांचा ३० ते ४० च्या आसपास. एरंडेल तर अडीचशेच्या घरात जाते. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला असूनही इंजिनाच्या चर्चेत एरंडेलाचे नाव मागे पडते, ते यामुळेच. नोझलची भोके मिलिमीटरच्या काही अंशांची. त्यातून दाट तेलाचा फवारा उडत नाही, धार जाते. थेंब मोठे राहतात, पिस्टनच्या माथ्यावर आदळतात, अर्धवट जळतात. नोझलच्या तोंडाशी काजळी जमते, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात आणि न जळलेले तेल भिंतीवरून ओघळून खालच्या इंजिन ऑइलमध्ये उतरते.

तिथे पुढचा प्रकार घडतो. स्वयंपाकघरात तेलाच्या बुधल्याच्या बाहेरून, गॅसच्या शेगडीमागच्या फरशीवर जो पिवळा चिकटा बसतो आणि साबणालाही दाद देत नाही, तो आठवावा. तेलातील असंतृप्त मेदाम्लांचे रेणू उष्णतेत आणि हवेत एकमेकांना जोडले जाऊन तो बनतो. जवसाचे तेल रंगात घालतात तेही ते सुकून पापुद्रा धरते म्हणून. रंगाऱ्याच्या कामाचा हा गुण इंजिनाच्या जिवावर उठतो: इंजिन ऑइल घट्ट होत श्रीखंडासारखे होते आणि बेअरिंगला वंगण मिळेनासे होते. यातली फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला काहीच होत नाही. इंजिन सुरू होते, ओढही चांगली असते, मालक खूश. बिघाड उशिरा उघडा पडतो.

जुन्या, संथ फिरणाऱ्या इंजिनांना हे बरेच सोसते. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची लिस्टर जातीची यंत्रे, मळ्यावर पाणी उपसणारी जाड ओतकामाची ऑइल इंजिने, पूर्व-कक्ष (इंधन आधी जिथे पेटते तो छोटा कप्पा) असलेल्या जुन्या मोटारी या प्रकारात मोडतात. त्यांनाही सोय करून द्यावी लागते. नेहमीचा उपाय दोन टाक्यांचा: इंजिन डिझेलवर सुरू करायचे, ते तापले की त्याच्याच गरम पाण्याने वनस्पती तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवून पातळ करायचे आणि मग कॉक फिरवायचा. बंद करण्याआधी काही मिनिटे पुन्हा डिझेलवर यायचे, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल थिजत नाही. हे शेवटचे कंटाळ्याने टाळले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारून हात दुखतात. जर्मनीतील अभियंते लुडविग एल्सबेट यांनी मुळातच वनस्पती तेल पचवणारे इंजिन घडवले होते, पण ते मोठ्या प्रमाणावर बाजारात आले नाही.

खोबरेलाची गंमत वेगळी. त्यात असंतृप्त मेदाम्ले फार थोडी, त्यामुळे चिकट्याचा त्रास कमी. पण २४-२५ अंशांखाली ते गोठते. थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या घरांना हे सांगायला नको. पॅसिफिक बेटांवर मात्र हवा बारमाही उष्ण. पापुआ न्यू गिनीतील बूगनव्हिल बेटाची १९९० च्या दशकात नाकेबंदी झाली, बाहेरून डिझेल येणे थांबले, तेव्हा तिथल्या लोकांनी गाड्या आणि जनित्रे नारळाच्या तेलावर चालवली.

तेल तापवण्याऐवजी त्याचा रेणूच लहान करणे, ही बायोडिझेलची युक्ती. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या आडव्या दांडीला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या लोंबत असतात. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा यांच्या साहाय्याने त्या तिन्ही साखळ्या सोडवल्या जातात आणि प्रत्येकीच्या टोकाला मिथेनॉलचा तुकडा जोडला जातो. या अभिक्रियेला एस्टर-विनिमय म्हणतात. १०० किलो तेल आणि सुमारे १० किलो मिथेनॉल घेतले की जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते.

प्रयोगशाळेत हे पाहण्यासारखे असते. कॉस्टिक सोडा आधी मिथेनॉलमध्ये विरघळवतात. भांडे आपोआप गरम होते. ते मिश्रण ५५-६० अंशांवरच्या तेलात घालून तासभर ढवळतात. मिथेनॉल ६५ अंशांच्या जरा आतच उकळते, म्हणून त्यापुढे आच न्यायची नाही. ढवळणे थांबवून भांडे तसेच ठेवले की तळाशी गडद तपकिरी, काकवीसारखा थर बसू लागतो, ते ग्लिसरीन. वर राहते ते पिवळसर, पाण्यासारखे हलणारे बायोडिझेल, दाटपणा ४ ते ५ सेंटिस्टोक. ते पाण्याने धुऊन, वाळवून वापरतात. तेलात पाणी किंवा मुक्त मेदाम्ल जास्त असेल तर मात्र थर पडतच नाहीत, सगळ्याचा साबण होतो. जळके तेल किंवा महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या करंजाच्या बियांचे तेल यांत हे आम्ल बरेच असते. त्यांना आधी गंधकाम्लाची पायरी द्यावी लागते. हा उद्योग परसात करू नये, कारण मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात शिरते आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही.

या वाटेने इंधन बनवण्याचे पहिले पेटंट १९३७ मध्ये ब्रसेल्स विद्यापीठातील जी. शावान यांना मिळाले. पुढच्या वर्षी ब्रसेल्स ते लूव्हँ मार्गावर पाम तेलाच्या एस्टरवर, म्हणजे आजच्या भाषेत बायोडिझेलवर, प्रवासी बस धावली. पाम तेल अर्थातच बेल्जियमच्या ताब्यातील काँगोमधले. पुढे युद्ध आले, मग स्वस्त खनिज तेलाची दशके, आणि हा विषय १९७० च्या दशकातील तेलटंचाईपर्यंत अडगळीत पडला.

इंजिनाच्या दृष्टीने बायोडिझेल हे खरोखर चांगले इंधन आहे. त्यात गंधक जवळपास नसते, ते उत्तम वंगण आहे आणि शंभर अंशांच्या वर तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेत नाही, त्यामुळे साठवायला सुरक्षित. त्यात वजनाने १०-११ टक्के ऑक्सिजन असल्याने ज्वलन स्वच्छ होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये काढलेल्या सरासरीनुसार शुद्ध बायोडिझेलने धुरातील कण ४७ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड ४८ टक्के घटतो. नायट्रोजन ऑक्साइड मात्र १० टक्के वाढतात. किलोमागे ऊर्जा ३७-३८ मेगाज्यूल, तर डिझेलमध्ये ४२-४३. म्हणजे तेवढ्याच इंधनात गाडी थोडे कमी अंतर कापते.

तोटे रोजच्या वापरात कळतात. बायोडिझेल चांगले द्रावक असल्याने जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. पहिल्या महिन्यात फिल्टर दोनदा बदलावा लागला तर दोष इंधनाचा नसतो. जुने रबरी पाइप फुगतात. साठवण लांबली की ते आंबते, ओल धरते. पाम तेलाचे बायोडिझेल १३-१६ अंशांलाच गढूळ होऊ लागते, म्हणजे निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे ते टाकीत ठेवण्यात अर्थ नाही. आणि दीड-दोन हजार बार दाबाने इंधन मारणाऱ्या आजच्या कॉमन रेल इंजिनात कच्चे वनस्पती तेल घालणे म्हणजे पंप आणि इंजेक्टर दोन्हींवर पाणी सोडणे.

युरोपात या इंधनाचे भवितव्य कराने ठरवले. जर्मनीत मोहरीच्या जातीतील रेपसीडचे शुद्ध बायोडिझेल पंपावर मिळत असे. २००६ च्या ऑगस्टपासून त्यावर कर बसू लागला आणि पुढच्या काही वर्षांत ते पंप मिटले. ब्रिटनमध्ये २००२ साली वेल्समधील लानेल्ली भागात लोक सुपरमार्केटातील खाद्यतेल गाड्यांत ओतून इंधनकर चुकवत होते. गाडीच्या धुराला तळलेल्या बटाट्याचा वास आला की पोलीस थांबवत. पुढे तिथे वर्षाला अडीच हजार लिटरपर्यंत करमाफी मिळाली. इंडोनेशियाकडे पामचे तेल इतके आहे की डिझेलमधील मिश्रणाचे प्रमाण तिथे २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर नेण्यात आले. त्या पामखाली गेलेल्या जंगलांचा हिशेब धरला, तर हवामानासाठीचा फायदा किती उरतो, हा वाद सुरूच आहे.

भारताची अडचण मुळात वेगळी. गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. ते इंजिनात घालायचा प्रश्नच येत नाही. म्हणून नजर गेली ती अखाद्य तेलांकडे: करंज, मोह, कोकणातली उंडी, मोगली एरंड (जट्रोफा). यातली बरीच तेले दिव्याला, चामड्याला, दुखऱ्या सांध्यांना पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातील कग्गनहळ्ळी गावात डिझेल जनित्रे थेट करंजेलावर चालवली आणि त्या विजेने विंधनविहिरींचे पाणी शेतात गेले. यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील पॉवरगुडा या आदिवासी पाड्यातील महिलांनी करंजाची लागवड केली. त्या तेलाने वाचणाऱ्या १४७ टन कार्बन डाय-ऑक्साइडपोटी २००३ मध्ये जागतिक बँकेने त्यांना ६४५ डॉलर मोजले. हे प्रयोग छोटे होते, पण झाड, घाणा आणि इंजिन एकाच गावात असल्याने निदान गणित जुळत होते.

सरकारी पातळीवर मात्र सगळा डाव मोगली एरंडावर लागला. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेल मिसळून धावली. नियोजन आयोगाच्या समितीने एप्रिल २००३ च्या अहवालात डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टर लागवडीचा हिशेब मांडला. झाड पडीक जमिनीवर, पाण्याविना वाढते, गुरे तोंड लावत नाहीत, असे सांगितले गेले, आणि ते खरेच आहे; म्हणून तर ते आपल्याकडे कुंपणाला लावतात. पण जगणे वेगळे आणि बी देणे वेगळे. पडीक जमिनीत पीक तुटपुंजे आले. फळे एका वेळी पिकत नाहीत, हातानेच तोडावी लागतात. १ जानेवारी २००६ पासून बायोडिझेलला लिटरमागे २५ रुपये खरेदीदर ठरला. एका लिटरला साडेतीन-चार किलो बी लागते, म्हणजे प्रक्रियेचा खर्च शून्य धरला तरी शेतकऱ्याच्या हाती किलोमागे सहा-सात रुपयेच. एवढ्यासाठी कोण काट्याकुट्यात तोडणी करणार? महाराष्ट्रात या झाडाचे दुसरे नाव चंद्रज्योत. वर्तमानपत्रांत ते आजही दिसते, पण बहुधा बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातमीत.

मग लक्ष तळणीच्या तेलाकडे वळले. तेल पुनःपुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल खराब होताना बनणारे पदार्थ, वाढतात. ती २५ टक्क्यांपुढे गेली की ते खाण्यासाठी वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याच वर्षी अशा तेलापासून बायोडिझेल बनवण्याची मोहीम सुरू केली. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी त्यासाठी पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये दर देऊ केला. कागदावर हे उत्तम आहे. बाजारात मात्र मोठ्या हॉटेलातले काळपट तेल डब्यांतून वड्याच्या गाडीवर जाते आणि गाडीवाला त्याला रोख पैसे देतो. गोळा करणाऱ्याची स्पर्धा त्याच्याशी आहे. शिवाय महामार्गांवर ‘बायोडिझेल’ची पाटी लावून भलतीच औद्योगिक तेले विकण्याचा धंदा गुजरात-महाराष्ट्रात फोफावला, छापे पडले आणि ट्रकवाल्यांच्या तोंडी हा शब्दच बदनाम झाला.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आहे. भारतीय मानकानुसार ७ टक्क्यांपर्यंतचे मिश्रण आजच्या गाड्यांना चालते. प्रत्यक्षातले प्रमाण एका टक्क्याच्याही आत राहिले आहे. दरम्यान, त्याच जळक्या तेलाला नवे गिऱ्हाईक आले आहे: हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यापासून विमानाचे इंधन बनते, आणि २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असे १ टक्का इंधन मिसळण्याचे भारताने ठरवले आहे.