झाकणावरचा नंबर की मशीनवरचा?

जुनं खिशातलं घड्याळ हाती आलं की पहिलं काम म्हणजे मागचं झाकण उघडायचं, आत नंबर दिसला की तो मोबाईलवर टाकायचा आणि येईल ते साल खरं धरायचं. इथेच घोळ होतो, कारण झाकणाच्या आतला नंबर बहुतेक वेळा केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीचा असतो, मशीनचा, म्हणजे आतल्या काटे फिरवणाऱ्या यंत्राचा नंबर वेगळा, तो आत मशीनच्या पट्टीवर कोरलेला असतो, भिंग लावून बघा.

हे दोन नंबर वेगळे का? तर वॉल्थम, एल्जिन अशा अमेरिकन कंपन्या बऱ्याच काळ नुसतं मशीन विकायच्या आणि केस दुसरीच कंपनी करायची. गिऱ्हाईक दुकानात येऊन मशीन पसंत करणार, केस पसंत करणार, दुकानदार दोन्ही जोडून देणार. त्यामुळे केसचा नंबर मशीनवाल्या कंपनीच्या सालवार नंबरांच्या यादीत टाकलात तर साल येईल, पण भलत्याच घड्याळाचं! आणि गंमत बघा, इलिनॉय वॉच केस कंपनी होती एल्जिन गावात, पण तिचा ना इलिनॉय वॉच कंपनीशी संबंध ना एल्जिनच्या घड्याळ कारखान्याशी, म्हणजे झाकणात ही दोन्ही नावं दिसली तरी आत मशीन तिसऱ्याच कोणाचं असू शकतं.

मशीनचा नंबर मिळाला तरी कंपनी कोणती हे आधी ठरवा. एकच उदाहरण देतो, 1 कोटीच्या आसपासचा नंबर एल्जिनवर असेल तर साल साधारण 1903, आणि ओमेगावर असेल तर 1944 च्या जवळपास. नंबर तोच, फरक 40 वर्षांचा.

मग केस बिनकामाची का? अजिबात नाही. इंग्लिश चांदीच्या केसवर हॉलमार्कमध्ये सालाचं अक्षर असतं, पण ती अक्षरं फिरून फिरून येतात म्हणून शहराची खूणही बघावी लागते, बर्मिंगहॅमचा नांगर (जहाजाचा, शेतातला नाही), लंडनचा बिबट्याचा चेहरा वगैरे. जुन्या इंग्लिश चावीच्या (वेगळी चावी घालून फिरवायच्या) घड्याळात तर केस आणि मशीन दोन्हीवर एकच नंबर सापडतो, असं दिसलं की जोडी मूळची असण्याची शक्यता बरीच वाढते. आणि रोलेक्सच्या मनगटी घड्याळात उलटंच, तिथे सिरियल नंबर केसवरच, जुन्या मॉडेलांत पट्टा काढल्यावर 6 च्या बाजूला दिसतो.

बाकी केसवर पेटंटची तारीख असेल तर केस त्या तारखेच्या आधीची नाही एवढंच कळतं. केसवर कोरलेल्या बक्षिसांच्या मेडलवर 1900 असेल तरी तेच. सोन्याच्या पत्र्याच्या केसवर 20 वर्षं असं लिहिलेलं ही पत्रा टिकण्याची गॅरंटी, वय नव्हे.

एक गोष्ट मी नेहमी बघतो, केसच्या कडेवर स्क्रूचे ओरखडे. मशीन आत धरून ठेवणारे स्क्रू कडेवर खूण सोडतात, आत्ताच्या स्क्रूशी न जुळणारी जास्तीची खूण असेल तर त्या केसमध्ये आधी दुसरं मशीन बसलेलं असणार. आणि झाकणाच्या आत सुईने खरवडल्यासारखे बारीक आकडे, कधी तारीखही असते, ते दुरुस्ती करणाऱ्याने केलेले, त्यावरून सर्व्हिसिंग कधी झालं ते कळतं, घड्याळ कधी बनलं ते नाही.