पॉलिमर नॅनोकॉम्पोझिट फिल्म

पॉलिमरच्या पातळ पापुद्र्यात १ ते १०० नॅनोमीटरचे कण मिसळले की जी फिल्म होते ती नॅनोकॉम्पोझिट फिल्म. पॉलिमर बहुतेक वेळा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) नाहीतर पीएमएमए (अॅक्रिलिक प्लास्टिक), आणि कण झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, सिलिका, चांदी असे. पण नुसतं काय मिसळलं यावर काही ठरत नाही, कण सुटे राहिले की गुठळ्या झाल्या यावर सगळं ठरतं.

ठाण्यातल्या कॉलेज लॅबमध्ये करायला पीव्हीए सगळ्यात सोपं, गरम पाण्यात स्टिररवर विरघळवायचं, वेगळे सोनिकेट केलेले (अल्ट्रासाउंडच्या लहरींनी सुटे केलेले) कण त्यात घालायचे, पेट्री डिशमध्ये ओतायचं आणि वाळू द्यायचं. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये फार त्रास होतो, कारण पीव्हीए हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाण्याने पॉलिमरच्या साखळ्या सैल पडतात, मग ब्लेडने कड सोडवायला गेलं की फिल्म च्युइंगगमसारखी ताणते. पावसाळ्यात ओव्हन आणि डेसिकेटर (ओलावा शोषणारं बंद भांडं) हवाच, आणि मोजमापसुद्धा सगळ्या सॅम्पलचं सारखं वाळवूनच करायचं.

आता प्रकाशाचं. झिंक ऑक्साइडचा बँडगॅप, म्हणजे प्रकाश शोषायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, साधारण ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तरंगलांबी काढायला १२४० ला त्याने भागलं की ३७५ नॅनोमीटर येतात, म्हणजे त्याखालचा यूव्ही कण खातात आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश आरपार जातो. पण पीव्हीएचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास आणि झिंक ऑक्साइडचा जवळपास २, या फरकामुळे प्रकाश विखुरतो. बारीक कणाचा व्यास दुप्पट झाला तर त्याचं विखुरणं ६४ पट होतं, म्हणजे आठ सुटे कण चिकटून दुप्पट व्यासाचा एक गोळा झाला तर तेवढ्याच मालात विखुरणं आठपट! सिलिकाचा अपवर्तनांक १.४६ च्या जवळ, म्हणून ती फिल्म सहसा स्वच्छ दिसते. चांदीच्या बारीक गोल कणांचं वेगळंच, ते ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात आणि फिल्म पिवळी दिसते.

इथे एक चूक खूप होते. साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती आरपार आला ते मोजणारं यंत्र) विखुरलेला प्रकाशसुद्धा शोषलेलाच धरतो, त्यामुळे धुरकट फिल्मचा टॉक प्लॉट (शोषणावरून बँडगॅप काढायचा आलेख) काढून बँडगॅप कमी झाला म्हणून लिहिणं मला अजिबात पटत नाही, आधी विखुरणं वेगळं काढायला पाहिजे.

रचनेसाठी एक्सआरडी, म्हणजे फिल्मवर एक्स-किरण टाकून ते कुठल्या कोनांत जोरात परततात ते बघायचं. तांब्यापासून मिळणाऱ्या एक्स-किरणांनी पीव्हीएचा रुंद उंचवटा १९.५ अंशांजवळ येतो आणि झिंक ऑक्साइडचे टोकदार पीक ३१.८, ३४.४, ३६.३ ला. पीकच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने मिळते ती स्फटिकाची साइज, गुठळीची नाही, शंभर स्फटिक चिकटलेले असले तरी सूत्र एकाचीच साइज सांगणार, म्हणून फिल्म आडवी तोडून सेमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघावंच लागतं.

सेमचा नंबर लागेपर्यंत फिल्म पेपरवर टेकवून बातमी वाचायची, मग दहा सेंटीमीटर वर उचलायची. टेकवलेली असताना अक्षरं स्पष्ट आणि उचलल्यावर पुसट झाली तर फिल्म प्रकाश विखुरतेय, बहुतेक आत गुठळ्या आहेत, पुढच्या बॅचला सोनिकेशन वाढवून बघायचं.