बीएआरसी ट्रेनिंग स्कूल: अर्ज कसा करायचा, पात्रता काय, कागदपत्रं कोणती

इंजिनिअरिंग किंवा एम.एस्सी. झाल्यावर थेट संशोधनाच्या क्षेत्रात शिरायचं असेल, तर भाभा अणु संशोधन केंद्राची (बीएआरसी) ट्रेनिंग स्कूल हा माझ्या मते सगळ्यात भक्कम मार्ग आहे. १९५७ पासून ती चालू आहे. इथे शिकताना दरमहा विद्यावेतन मिळतं आणि प्रशिक्षण ठरलेल्या गुणांनी पूर्ण केलं की अणुऊर्जा विभागात ‘सायंटिफिक ऑफिसर सी’ म्हणून नेमणूक होते.

योजना दोन. ओसीईएस, म्हणजे इंजिनिअर आणि विज्ञानाच्या पदव्युत्तरांसाठीचा ओरिएंटेशन कोर्स, एका वर्षाची. तिचे वर्ग मुंबईखेरीज कल्पाक्कम, इंदूर आणि हैदराबादच्या केंद्रांतही भरतात. डीजीएफएसमध्ये, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या फेलोशिप योजनेत, निवडक संस्थांत दोन वर्षांचं एम.टेक. करायचं असतं आणि त्याचा खर्च विभाग उचलतो. अर्ज मात्र एकच.

पात्रतेसाठी आपल्या शाखेच्या पदवीला किमान ६० टक्के हवेत. सीजीपीए असेल तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्के काढायचे. शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. वयोमर्यादा खुल्या गटाला २६, ओबीसींना २९ आणि अनुसूचित जाती-जमातींना ३१ वर्षं. विज्ञान शाखांना बी.एस्सी.च्या विषयांच्याही अटी असतात, तेवढा भाग जाहिरातीत नीट वाचा.

अर्ज ऑनलाइन भरायचा. शुल्क ५०० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना माफ. मुलाखतीपर्यंत पोहोचायला दोन वाटा आहेत: गेट या राष्ट्रीय परीक्षेचा स्कोअर किंवा बीएआरसीची स्वतःची ऑनलाइन परीक्षा. परीक्षेत दोन तासांत १०० प्रश्न, बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलं की एक गुण वजा. दोन्ही वाटा खुल्या ठेवा, एक हुकली तरी दुसरी हाताशी राहते.

कागदपत्रांत मुलं अडकतात ती बहुतेक जातीच्या दाखल्यावर. सेतूतून मिळणारं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र बऱ्याचदा राज्याच्या नमुन्यात असतं. इथे केंद्र सरकारच्या नमुन्यातलं लागतं. शिवाय आपली जात ओबीसींच्या केंद्रीय यादीत आहे का, तेही तपासा. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. राज्यातलं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय भरतीला लागू होत नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला हातात पडायला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट न बघता त्यासाठी आधीच अर्ज टाका. बाकी दहावीचं प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी, ओळखपत्र आणि सरकारी नोकरीत असाल तर एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र). सगळीकडे नाव एकसारखं आहे ना, तेही बघून ठेवा.

अंतिम निवड फक्त मुलाखतीच्या गुणांवर होते. गेटचा किंवा परीक्षेचा स्कोअर तिथे धरत नाहीत. मुलाखत लांब चालते आणि पाया खणून काढते. बीम वाकतो कसा एवढ्यावर तुमचं उत्तर थांबलं, तर पुढचा प्रश्न येतो: हे सूत्र कोणत्या गृहीतकांवर उभं आहे, आणि ती मोडली तर काय होईल? म्हणून दोन-तीन विषय निवडा आणि त्यांतली सूत्रं कागदावर मुळापासून मांडायचा सराव करा. पाठांतर इथे टिकत नाही.

निवड झाली की वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी आणि ठरावीक वर्षं विभागात काम करण्याचं हमीपत्र. त्यावर सही करण्याआधी घरच्यांशी बसून बोला, कारण नेमणूक देशातल्या कोणत्याही केंद्रावर होऊ शकते.