ऑइल सँड्स कंपनीत पैसे टाकताय? आधी तिचा पर्यावरणाचा अर्ज कुठे अडकलाय ते बघा

कॅनडातल्या कॅलगरीतली आपली बरीच मंडळी 'अप्रूव्हल आलं' एवढीच बातमी वाचून छोट्या ऑइल सँड्स (वाळूत मिसळलेलं घट्ट तेल) कंपन्यांचे शेअर घेतात आणि मग वर्षानुवर्षं अडकून बसतात, म्हणून हे लिहितोय. अप्रूव्हल हा एकच कागद कधीच नसतो. कोणी दिलं आणि कशासाठी दिलं, हे आधी विचारा.

पहिल्यांदा प्रोजेक्ट केवढा आहे ते बघा. दिवसाला 2,000 घनमीटरच्या वर, म्हणजे साधारण 12,600 बॅरलच्या वर बिटुमेन, म्हणजे ते घट्ट तेल, काढायचं असेल तर अल्बर्टा प्रांतात पर्यावरण परिणामांचा पूर्ण अहवाल द्यावाच लागतो. नवीन खाण 10,000 घनमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर ओटावाचाही, म्हणजे केंद्र सरकारचाही, रिव्ह्यू लागतो. बाकी पाणी, जमीन वगैरेचे अर्ज अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटर या प्रांताच्या नियामक संस्थेकडे जातात, ते रूटीन आहे.

खरा घोळ मुदतीचा. केंद्राच्या इम्पॅक्ट असेसमेंट कायद्यात प्लॅनिंगला 180 दिवस, असेसमेंटला 300, त्यासाठी वेगळं तपासणी पॅनेल बसलं तर 600 असं वाचून लोक दीड-दोन वर्षांचा हिशोब मांडतात आणि मधला काळ धरतच नाहीत. प्लॅनिंग झालं की कंपनीला अभ्यास करून माहिती द्यायला 3 वर्षांपर्यंत वेळ असतो, आणि सगळी माहिती मिळाली असं केंद्राच्या असेसमेंट एजन्सीने जाहीर केलं की मगच ते 300 दिवस मोजायला सुरुवात होते. वरून मुदत वाढवायची सोय कायद्यातच आहे. एवढी महत्त्वाची गोष्ट सरकारला ठळक अक्षरात पहिल्या पानावर टाकता येत नाही का?

टेक कंपनीच्या फ्रंटियर ऑइल सँड्स खाणीचं बघा, जुन्या कायद्याखालचं प्रकरण आहे पण धडा तोच. अर्ज 2011 चा. जुलै 2019 मध्ये केंद्र आणि प्रांताच्या जॉइंट पॅनेलने मंजुरीची शिफारस केली आणि लोकांना वाटलं, झालं काम. पण पॅनेल फक्त शिफारस करतं, शेवटचा शब्द केंद्राच्या कॅबिनेटचा. तो यायच्या आतच फेब्रुवारी 2020 मध्ये टेकने अर्ज मागे घेतला आणि त्यात 1.13 अब्ज कॅनेडियन डॉलर राइट-ऑफ झाले, म्हणजे हिशोबात तोटा म्हणून सोडून द्यावे लागले.

प्रोजेक्ट छोटा म्हणजे सेफ, असंही समजू नका. प्रॉस्पर कंपनीचा रायगेल प्रोजेक्ट दिवसाला फक्त 10,000 बॅरलचा, म्हणजे वरच्या 12,600 च्या मर्यादेच्या खालचा. रेग्युलेटरने 2018 मध्ये मंजूर केला, तरी 2020 मध्ये अल्बर्टाच्या अपील कोर्टाने ती मंजुरी रद्द केली, कारण फोर्ट मॅके फर्स्ट नेशन या मूळनिवासी समाजाशी मूस लेकच्या परिसराबद्दल प्रांत सरकारची जी बोलणी चालू होती ती रेग्युलेटरने विचारातच घेतली नव्हती. म्हणून कंपनी 'कन्सल्टेशन पूर्ण', म्हणजे मूळनिवासींशी सल्लामसलत झाली, असं म्हणते तेव्हा नीट ऐका. ते पुरेसं झालं की नाही हे रेग्युलेटर ठरवतच नाही, ते प्रांताचं वेगळं ऑफिस ठरवतं, आणि त्याने पुरेसं म्हटलं म्हणजे त्या लोकांची संमती मिळाली असं अजिबात नाही. कंपनीला थेट विचारा, त्या मूळनिवासी समाजाशी लेखी करार आहे का? उत्तर गोलमोल आलं तर थांबा.

काही जण शेअरहोल्डर म्हणून स्वतःच रेग्युलेटरकडे 'स्टेटमेंट ऑफ कन्सर्न' (लेखी हरकत) पाठवायला निघतात. कृपा करून त्यात वेळ घालवू नका. त्या प्रोजेक्टचा थेट आणि वाईट परिणाम तुमच्यावर होतो हे दाखवावं लागतं, नुसते शेअर आहेत म्हणून भागत नाही. तिथे जमीन असेल तर गोष्ट वेगळी, पण मग नोटिशीवर छापलेली शेवटची तारीख पाळा, बहुतेक वेळा 30 दिवसच मिळतात.

फुकटात बघण्यासारखं भरपूर आहे. केंद्राची इम्पॅक्ट असेसमेंट रजिस्ट्री सगळ्यांना खुली आहे, अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे ते तिथेच दिसतं. सेडार प्लस या कंपन्यांची कागदपत्रं ठेवणाऱ्या साइटवर कंपनीचा ॲन्युअल इन्फर्मेशन फॉर्म (वार्षिक माहितीपत्रक) काढा आणि तेल 'रिझर्व्ह' (काढणं परवडेल असा भरवसा असलेलं) म्हणून दाखवलंय की 'कंटिंजंट रिसोर्स' (अजून कशावर तरी अडलेलं) म्हणून ते बघा. कंटिंजंट असेल तर कशावर अडलंय ते खाली लिहिलेलं असतं, बऱ्याचदा ती मंजुरीच असते. आणि चालू प्रोजेक्ट असेल तरी पर्यावरणाची मंजुरी साधारण 10 वर्षांचीच असते, तेव्हा रिन्युअल कधी आहे तेही विचारून घ्या.