चुलीचा धूर वेगळा, बिडीचा धूर वेगळा

"आमच्या माय-आजीची बाळंतपणं चुलीच्या धुरातच झाली, बिडीनं काय होते?" घरात गरोदर सून असताना बिडी पेटवणारा हेच म्हणतो, आणि दोन धुरांची गल्लत होते.

चुलीच्या धुराचं फार सांगायला नको. पऱ्हाट्या ओल्या असल्या की डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, बाई आपोआप बाजूला होते. तो धूरही वाईटच. कार्बन मोनॉक्साइड दोन्ही धुरांत असतो आणि रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. आधीच रक्त कमी असेल तर बाळाचं जास्तच हाल. पण इथं उपाय सरळ आहे: गॅस, नाहीतर वाळलेलं जळण आणि चूल अंगणात.

बिडीच्या धुरात याशिवाय निकोटिन असतं. ते आईच्या रक्तातून वारेतून पार होऊन बाळापर्यंत जातं, रक्तवाहिन्या आकसवतं. बाळ अडीच किलोच्या आत भरण्याचा, दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. आणि हा धूर झोंबत नाही. पातळ असतो, म्हणून बाई उठून जात नाही, तिथंच भाजी निवडत बसते.

"मी तोंड फिरवून धूर सोडतो" याचाही उपयोग नाही. दोन झुरक्यांच्या मध्ये बोटांत धरलेल्या बिडीच्या टोकातून जो धूर निघत राहतो, तो कुणाच्याही छातीतून गाळून आलेला नसतो. सिगारेटच्या बाबतीत तर आजूबाजूला पसरणाऱ्या धुरातला सुमारे ८५ टक्के हाच असतो.

उन्हाळ्यात आणखी एक चूक होते. माणूस मोठ्या काळजीनं बाहेर जातो आणि खिडकीतल्या कूलरच्या मागं सावलीत उभा राहून ओढतो. कूलर बाहेरचीच हवा खेचून आत फेकतो. वाळ्याची ताटी धूळ अडवते, कार्बन मोनॉक्साइड नाही. खोलीत ओढून पंखा लावला तरी धूर फक्त फिरतो. वरून अगरबत्ती लावणं मला अजिबात पटत नाही: वास झाकतो, धूर वाढतो.

खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाचा, धूर होत नाही, हे खरं. पण बाईनं स्वतः खाल्ला तर निकोटिन थेट तिच्याच रक्तात जातं.

तेव्हा ओढायचीच असेल तर घरात नाही, ओसरीत नाही, कूलरच्या बाजूला नाही, अंगण ओलांडून. परत आल्यावर हात-तोंड धुवा, सदरा बदला. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनला फोन करा, तो मोफत आहे. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या गरोदर बायांच्या तपासणीत सिस्टरनं विचारलं, तर बाईनं "मी ओढत नाही" एवढंच सांगू नये. घरात कोण ओढतं, कुठं बसून ओढतं, तेही सांगावं. नवऱ्यानं सोबत जावं.