रूळ उखडलेली वाट आणि जंगलातला रस्ता: दोन्ही ‘वाहनमुक्त’, पण सायकल वेगळी लागते

उत्तर इटलीच्या डोलोमाइट्समध्ये टोब्लाख गावातून कोर्तिना दाम्पेझ्झोकडे सायकलने निघालं की साधारण १३ किलोमीटरवर कार्बोनिन लागतं. मोजक्या इमारतींची वस्ती. पाट्यांवर हेच गाव ‘श्लुडरबाख’ म्हणूनही दिसतं, कारण या भागात प्रत्येक गावाला एक जर्मन आणि एक इटालियन नाव आहे. (टोब्लाखचं इटालियन नाव डोब्बियाको.) इथून एक पांढरी खडीची वाट खोऱ्याच्या तळातून पुढे कोर्तिनाला जाते. दुसरी, तशीच पांढरी, डोंगराच्या अंगावर चढत प्लेट्झविझेच्या कुरणाकडे जाते. दोन्हींवर गाड्यांना बंदी आहे आणि सायकलच्या ॲपमध्ये दोन्ही ‘ग्रॅव्हल’ म्हणूनच दिसतात. घोळ इथेच होतो. पहिली वाट आरामात पार केलेला माणूस त्याच टायरवर, त्याच गिअरवर दुसरीकडे वळतो आणि दोन किलोमीटरमध्ये सायकल ढकलायला लागतो.

पहिली वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. टोब्लाख–कोर्तिना–कालाल्झो ही ९५० मिलिमीटर गेजची (दोन रुळांमधलं अंतर) छोटी गाडी १९२१ पासून धावत होती, १९६४ मध्ये बंद झाली. रूळ निघाले, भराव, बोगदे आणि पूल राहिले. टोब्लाख ते कोर्तिना हा सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा आजही बहुतांशी खडीचा आहे, कोर्तिनाच्या पुढे डांबर आहे. दुसरी वाट पहिल्या महायुद्धाआधी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने वरच्या किल्ल्याकडे जायला बांधलेल्या रस्त्याची. आता तिचं काम जंगलातल्या रस्त्याचंच: वरच्या हॉटेलांची रसद, लाकूड, गुरं.

सगळा फरक या मुळातून येतो. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड कमी, त्यामुळे रेल्वेला चढ झेपत नाही. आपल्या बोरघाटात १:३७, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपासचा चढ आहे, तरी गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. टोब्लाखच्या बाजूने चिमाबांके हा माथा १,५३० मीटरवर येतो. सुमारे १५ किलोमीटरमध्ये जेमतेम ३०० मीटरची चढाई. सरासरी दोन टक्के, आणि सलग. पलीकडे कोर्तिनापर्यंतचा उतारही तेवढाच. तोफा ओढणाऱ्या खेचरांना मात्र दहा टक्के चढाचं काही वाटत नाही. कार्बोनिन १,४३८ मीटरवर, प्लेट्झविझेवरचं व्हालान्द्रो हट हे डोंगरी विश्रामगृह २,०४० मीटरवर, मधलं अंतर सुमारे सहा किलोमीटर. म्हणजे सरासरीच दहा टक्के. मधले तुकडे त्याहून उभे.

हे आकडे पायांच्या भाषेत मांडू. सायकल, सामान आणि माणूस मिळून ८५ किलो धरले, तर दोन टक्के चढावर ताशी १५ किलोमीटरने जायला साधारण १२० वॉट लागतात. हे कोणालाही जमतं, गप्पा मारता मारता. दहा टक्क्यांवर ताशी फक्त ८ किलोमीटरसाठी दोनशेहून जास्त वॉट लागतात, तेही पाऊण तास. आता गिअर पाहा. पुढे ४० दात, मागे सर्वांत मोठं चक्र ४२ दातांचं, हा ग्रॅव्हल बाईकवरचा नेहमीचा जोड. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे धरले तर वेग साडेसात किलोमीटर. त्याखाली गेलात की फेरे ५०वर येतात, गुडघ्यावर भार पडतो आणि उठून पॅडल मारायला जावं तर मागचं चाक सुट्या खडीवर जागच्या जागी फिरतं. म्हणून जंगलातल्या रस्त्याला पुढच्या आणि मागच्या दातांचं गुणोत्तर ०.८ किंवा त्याखाली हवं: पुढे ४० असेल तर मागे ५०, किंवा पुढे ३० असेल तर मागे ३८च्या वर. रेल्वेमार्गाला यातलं काही लागत नाही. तिथे ४०/४२सुद्धा चिमाबांकेपर्यंत क्वचितच वापरला जातो.

पृष्ठभागाचंही तसंच आहे. रेल्वेमार्गावर बारीक, दाबलेली खडी असते, आपल्याकडच्या नीट दाबलेल्या मुरमासारखी. ३८ ते ४० मिलिमीटरचा, मध्ये गुळगुळीत आणि कडेला बारीक दाते असलेला टायर पुरतो. ७५ किलोच्या माणसाने पुढे ३४ आणि मागे ३७ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास हवा ठेवावी. जंगलातल्या रस्त्यावर फुटलेला, कोनदार डोलोमाइट दगड असतो आणि पावसाने बारीक माल वाहून गेला की मोठेच दगड वर उरतात. तिथे ४५ मिलिमीटर किंवा जास्त, ट्यूबलेस, पुढे २७ आणि मागे ३० पीएसआय. ट्यूब असेल तर इतकी हवा कमी करू नका: दगडावर आदळताना रिम आणि दगडामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस टायरमध्ये साधारण ६० मिलिलिटर सीलंट (भोकं आतून बुजवणारा द्रव) घालावं. ते दोनतीन महिन्यांत वाळतं, म्हणून गेल्या मोसमातलं आहे म्हणून विसंबू नये. टायरची बाजूच चिरली तर सीलंट हरतं. आतून लावायला जाड ठिगळ आणि एक सुटी ट्यूब बरोबर लागतेच.

आता एक गोष्ट जी फक्त जंगलातल्या रस्त्यावर आहे आणि जिच्याबद्दल पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणी सांगत नाही: पाण्याचे आडवे चर. चढाच्या रस्त्यावरून पावसाचं पाणी धावत सुटू नये म्हणून ठरावीक अंतरावर लाकडी किंवा लोखंडी पन्हळ रस्त्यात पुरलेली असते, बहुतेक वेळा तिरकी. चढताना तिचं काही वाटत नाही. उतरताना ताशी ३० किलोमीटरने पन्हळीच्या दिशेलाच समांतर गेलात तर पुढचं चाक तिच्यात शिरतं आणि माणूस हँडलवरून जातो. उपाय सोपा आहे: पन्हळ दिसली की आधीच वेग कमी करा, चाक तिला काटकोनात आणा, ओलांडताना ब्रेक सोडा आणि बूड सीटवरून उचला. ओल्या लाकडावर ब्रेक धरलेलं चाक हमखास घसरतं.

ब्रेकचा हिशेबही वेगळा. ६०० मीटर खाली उतरताना ८५ किलोच्या ओझ्याची सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, आणि हळू उतरलात तर त्यातली बहुतेक उष्णता होऊन रोटर (ब्रेकची चकती) आणि तिला घासणाऱ्या पॅडमध्ये जाते. ब्रेक हलका धरून सतत फरफटत उतरणाऱ्यांचे रेझिनचे पॅड चकचकीत होतात, मग लिव्हर दाबूनही सायकल थांबत नाही. वळणाआधी जोरात आणि थोडाच वेळ दाबा, मग सोडा. केबलवाले डिस्क ब्रेक असतील तर वर पोचल्यावर केबल एकदा ताणून घ्या. जुन्या रेल्वेमार्गावर यातलं काहीच लागू नाही. कोर्तिनापर्यंतच्या उतारावर मुद्दाम पॅडल मारावं लागतं.

‘वाहनमुक्त’ या शब्दाचा अर्थही दोन्हीकडे एक नाही. रेल्वेमार्गावर मोटारी नसल्या तरी माणसं भरपूर: लहान मुलं, कुत्री, ई-बाईकवाली आजी. ५१ क्रमांकाचा राज्यमार्ग बराच वेळ शेजारून धावतो, आवाज ऐकू येतो, आणि काही ठिकाणी तो ओलांडावाही लागतो. बोगद्यांसाठी पुढचा-मागचा दिवा हवा. जंगलातल्या रस्त्यावर शांतता असते, पण परवानगी असलेली जीप किंवा लाकडाचा ट्रक कधीही समोर येतो. आंधळ्या वळणावर उजवीकडे राहा. डावीकडे चालवायची सवय असलेला माणूस घाबरला की आपोआप डावीकडे वळतो, म्हणजे थेट जीपच्या अंगावर.

हंगामाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. रेल्वेमार्ग मेच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत, प्लेट्झविझे जूनपासून. हिवाळ्यात टोब्लाख–कोर्तिना हा पट्टा स्कीचा ट्रॅक होतो, तेव्हा सायकल नको. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात. वरच्या उघड्या कुरणावर त्याआधी पोचून खाली वळावं. चढावर वाटेत पाण्याचा भरवसा नाही, दीड लिटर घेऊन निघा.

नकाशावर दोन्ही ओळखायची खूण सोपी आहे. समोच्च रेषांना जवळजवळ समांतर, लांबच लांब वळणं घेणारी रेघ म्हणजे जुना रेल्वेमार्ग. त्याच रेषांना कापत नागमोडी चढणारी रेघ म्हणजे जंगलातला रस्ता. ओपनस्ट्रीटमॅपच्या नेहमीच्या नकाशात सायकलवाट निळ्या तुटक रेघेने आणि असा रस्ता तपकिरी तुटक रेघेने येतो, पण रंगावर जाऊ नका, कारण तो नोंद करणाऱ्याने काय लिहिलं यावर अवलंबून असतो. उंचीचा आलेख उघडा.

दोन्ही वाटा एकच समजायची सवय सीमेपलीकडे जास्त महाग पडते. टोब्लाखहून पूर्वेला द्रावा नदीकाठची सायकलवाट ऑस्ट्रियातल्या लिएन्झला जाते, सर्वांना खुली. पण ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वन कायद्यानुसार जंगलात चालायला सर्वांना मोकळीक असली तरी जंगलातल्या रस्त्यावर सायकल चालवायला मालकाची परवानगी लागते. म्हणून तिथे सायकलची पाटी असलेल्या मार्गांवरच जावं, नुसता मोकळा रस्ता दिसला म्हणून वळू नये.

दोन्ही एकाच दिवसात करायचे असतील तर सकाळी टोब्लाखहून रेल्वेमार्गाने कार्बोनिन, मग प्लेट्झविझेचा चढ. वरून पलीकडे ब्र्युकेले या ठिकाणाकडे डांबरी रस्ता उतरतो, ब्रेकना सोपा. पण त्यावर ठरावीक वेळेत मोटारी आणि बसही असतात. गाड्या अजिबात नकोत असं असेल तर चढलेल्याच खडीवरून परत कार्बोनिनला उतरा, आणि निघण्याआधी पुढच्या टायरची हवा एकदा बोटाने दाबून पाहा.